सरोवराकाठची भीती आणि भरवसा

माणूस भीतीपासून पळतो, असं आपण सगळेच धरून चालतो. मग तास-दीड तास उन्हात रांगेत उभा राहून, पदरचे पैसे मोजून जो भीती विकत घेतो, तो माणूस कोणता म्हणायचा? तोही तुमच्या-आमच्यातलाच. घरी झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारी माणसं मी तीनशे फुटांवरून खाली झोकून द्यायला हसत हसत निघालेली पाहिली आहेत. हे कसं होतं, याची उकल करायची तर मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका सरोवराकाठी नेतो.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेच्या परिसरात पाच महासरोवरं आहेत. त्यांतलं ईरी हे सगळ्यांत उथळ. त्याची सरासरी खोली जेमतेम १९ मीटर, म्हणून उन्हाळा आला की त्याचं पाणी लवकर कोमट होतं आणि माणसं पोहायला धावतात. या सरोवराच्या दक्षिण काठावर, ओहायो राज्यात, क्लीव्हलँडपासून सुमारे शंभर किलोमीटरवर सँडस्की नावाचं छोटं शहर आहे. अमेरिकेत गुलामगिरी होती त्या काळात दक्षिणेकडून निसटलेले कृष्णवर्णीय याच बंदरातून बोटीने कॅनडाला, म्हणजे स्वातंत्र्याकडे जात. त्यांना गुपचूप मदत करणाऱ्यांच्या सांकेतिक भाषेत सँडस्कीचं नाव होतं ‘होप’, म्हणजे आशा. जीव मुठीत धरून, अनोळखी माणसाच्या भरवशावर पाणी ओलांडणं म्हणजे काय, हे या काठाला ठाऊक होतं.

या शहरासमोर सरोवरात जमिनीची एक लांबट जीभ गेली आहे. तिथे सीडरची झाडं होती, म्हणून तिचं नाव सीडर पॉइंट. यादवी युद्ध संपून पाच वर्षं झाली होती. १८७० साली लुई झिस्टेल नावाच्या एका जर्मन कारागिराने तिथे स्नानगृह, नाचण्यासाठी लाकडी चौथरा आणि बिअरची बाग उभी केली. सँडस्कीहून आपल्या छोट्या आगबोटीतून तो माणसं नेऊ लागला. भाडं पंचवीस सेंट. त्या पंचवीस सेंटांतून जे उभं राहिलं, ते आज दीड डझन रोलर कोस्टरांचं सीडर पॉइंट उद्यान. अमेरिकेत आजही चालू असलेल्या करमणूक उद्यानांत ते वयाने दुसरं. पहिलं कनेटिकट राज्यातलं लेक कंपाउन्स, १८४६ सालचं. नावावरूनच कळेल की तेही तळ्याकाठचंच.

ही उद्यानं तळ्याकाठीच का? घरात गारवा देणारी यंत्रं नव्हती तो हा काळ. सहा दिवस कारखान्यात घाम गाळलेल्या माणसाला सातव्या दिवशी वारा आणि पाणी हवं असे. त्याला तिथवर नेण्यासाठी आगबोटी होत्या, रेल्वे होती, पुढे विजेच्या ट्राम आल्या. ट्राम कंपन्यांचं गणित तर फार साधं होतं. आठवडाभर गाड्या भरून जात, रविवारी मात्र ओस. मग मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर, एखादं तळं किंवा नदी बघून, बाग काढायची, पाळणे लावायचे, बँड वाजवायचा. रविवारच्या गाड्या आपोआप भरतात. अमेरिकेत अशी कित्येक उद्यानं निघाली.

आता रोलर कोस्टरकडे वळू. त्याचं मूळ रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या बर्फात. तिथे हिवाळ्यात लाकडी सांगाड्यावर बर्फाचे उंच उतार करत आणि त्यांवरून घसरत. म्हणून फ्रेंच माणूस रोलर कोस्टरला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतो. गंमत अशी, की खुद्द रशियन माणूस त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतो! भीती नेहमी शेजारच्याच्या नावावर लिहायची, ही जगाची रीतच दिसते.

अमेरिकेत या खेळाला धंद्याचं रूप दिलं ते लामार्कस थॉम्पसन याने. हाही जन्माने ओहायोचाच. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर त्याने पाच सेंट भाड्याची गाडी सुरू केली. वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. एका टोकाच्या उंचवट्यावरून गाडी सुटे, दुसऱ्या टोकाशी थांबे. तिथे लोक उतरत, नोकर गाडी ढकलून पुन्हा वर चढवत आणि परतीचा प्रवास होई. आठ वर्षांनी, १८९२ साली, तशीच गाडी सीडर पॉइंटला आली. उंची २५ फूट, वेग ताशी सोळा किलोमीटर. म्हणजे दोन मजली घराच्या उंचीवरून, सायकलच्या वेगाने. त्या काळच्या माणसांना तेवढंही पुरेसं होतं.

या गाडीला इंजिन नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते, आणि तिथे सोडून देते. पुढचा सगळा प्रवास त्या एका चढाच्या कमाईवर. चढताना जी शक्ती साठली, ती उतरताना वेग होऊन खर्च होते. पुढच्या चढावर वेगाची पुन्हा उंची होते. दर वेळी थोडी शक्ती चाकांच्या घर्षणात आणि वाऱ्यात जाते, म्हणून पुढची प्रत्येक टेकडी पहिलीपेक्षा ठेंगणी ठेवावी लागते. बापाने एकदाच कमवून ठेवावं आणि मुलाने जपून खर्चत घर गाठावं, तसा हा व्यवहार आहे.

यात एक गोष्ट मोठी गमतीची आहे. उंची दुप्पट केली म्हणून वेग दुप्पट होत नाही. वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट करावी लागते. सीडर पॉइंटमध्ये हा नियम डोळ्यांनी बघता येतो. तिथला ‘ब्लू स्ट्रीक’ हा १९६४ सालचा लाकडी कोस्टर ७८ फूट उंच, म्हणजे आपल्या गेट वे ऑफ इंडियापेक्षा थोडा बुटका. त्याचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर. त्याच उद्यानातला २००० सालचा ‘मिलेनियम फोर्स’ ३१० फूट उंच, जवळजवळ चौपट. वेग मात्र ताशी सुमारे १५० किलोमीटर, म्हणजे दुपटीहून थोडाच जास्त. गणिताच्या पुस्तकातलं वर्गमूळ तिथे पोटात जाणवतं!

पोटात गोळा येतो म्हणतात, तो का? बसलो असताना आपल्याला स्वतःचं वजन जाणवतं, ते बैठकीच्या उलट्या दाबामुळे. गाडी टेकडीवरून झपकन खाली गेली की आपण आणि बैठक एकाच वेळी पडत असतो. दाब नाहीसा होतो. पोटातली आतडी, जठर, सगळं क्षणभर बिनवजनाचं होतं. शरीर म्हणतं, ‘आपण पडलो.’ बुद्धी म्हणते, ‘नाही रे, तिकीट काढलंय.’ या दोघांच्या भांडणातून जी किंकाळी निघते, तिच्यात भीती किती आणि आनंद किती हे किंचाळणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पण शरीराने पडलो म्हणावं आणि माणूस खरोखर मात्र पडू नये, याची सोय कुणीतरी करावी लागते. सुरुवातीच्या गाड्या रुळांवर नुसत्या ठेवलेल्या असत. टेकडी फार तीव्र केली तर त्या उडाल्या असत्या. जॉन मिलर नावाच्या कल्पक रचनाकाराने १९१९ साली एका युक्तीचं पेटंट घेतलं. रुळांच्या वर धावणारी चाकं तर होतीच, त्याने रुळांच्या खालूनही चाकं बसवली. बाजूने पकडणारी चाकं धरली तर गाडी आता तिन्ही अंगांनी रुळांना मिठी मारून असते. ती उडू बघते तेव्हा खालची चाकं तिला ओढून धरतात. चढावर येणारा तो खट्‌-खट्‌-खट्‌ आवाजही असाच रखवालदार आहे. गाडीखाली एक खिट्टी असते, ती दातेरी पट्टीवरून एकेक दाता ओलांडत जाते. साखळी तुटलीच, तर खिट्टी दात्यात अडकते आणि गाडी मागे घसरत नाही. चढताना ज्या आवाजाने आपलं काळीज धडधडतं, तो खरं म्हणजे ‘मी आहे’ असं सांगणारा आवाज असतो.

गाडी पूर्ण उलटी फिरवणारी वळणं बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोनी आयलंडवर कुणीतरी नेमका गोल फेरा बांधला. त्यात शिरताना मानेला असे हिसके बसत की तो बंद करावा लागला. पुढे १९७० च्या दशकात वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने हा फेरा थेंबाच्या आकाराचा केला. खाली रुंद, वर निमुळता. त्याने वेग आणि वळण यांचा मेळ बसला आणि माना वाचल्या.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी क्लीव्हलँडला भाचीकडे गेलो होतो, तेव्हा तिने आणि तिच्या मुलाने मला सीडर पॉइंटला नेलं. ‘मामू, मोठ्यात बसायचं ना?’ असं त्या दोघांनी मिळून विचारलं. मी ब्लू स्ट्रीक निवडला. लाकडाचा आहे, वयानेही माझ्या आसपासचा आहे, समजून घेईल असं वाटलं. फलाटावर अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. सुट्टीत काम करणारी विद्यार्थिनी असावी. तिने प्रत्येकाच्या मांडीवरचा दांडा हाताने ओढून पाहिला, माझाही पाहिला आणि पलीकडच्या सोबत्याला अंगठा दाखवला. गाडी हलली. खट्‌-खट्‌ सुरू झालं. डावीकडे सरोवर दिसत होतं, सपाट, निवांत. माथ्यावर आवाज एकदम थांबला. मी कविता लिहिणारा माणूस. वृत्तात यती येते, शब्द थांबतो पण लय थांबत नाही, तसाच तो क्षण होता. पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. खाली आलो तेव्हा मी हसत होतो. लहानपणी उरुसात लाकडी पाळण्यात बसवताना अब्बा पाळणेवाल्याला दरडावून विचारत, ‘खिळे बघितलेस का रे?’ इथे विचारायला अब्बा नव्हते. त्या मुलीच्या हाताच्या एका ओढीवर मी विश्वास टाकला होता.

आता त्या जागेच्या एका जुन्या संकटाविषयी सांगतो. १८९७ पासून जॉर्ज बोकलिंग या उद्योजकाने सीडर पॉइंटला बहर आणला. १९०५ साली त्याने बांधलेलं ‘ब्रेकर्स’ हे भव्य हॉटेल आजही आहे. १९३१ साली तो वारला. तोवर महामंदी आली होती, मग महायुद्ध आलं. रंग उडाले, लाकडं कुजली. १९२९ सालचा ‘सायक्लोन’ हा नामांकित कोस्टर १९५१ साली पाडला गेला. पुढची तेरा वर्षं या उद्यानात एकही मोठा कोस्टर नव्हता. १९५६ च्या सुमारास जॉर्ज रूस आणि एमिल लेग्रो या दोन व्यावसायिकांनी जागेचा ताबा मिळवला. बेत असा, की उद्यान मोडायचं आणि सरोवराकाठी घरांचे प्लॉट पाडायचे. ही बातमी कळताच लोकांत ओरड झाली. ओहायोचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रँक लॉश यांनीही ही जागा सरकारने ताब्यात घेऊन तिथे राज्याचं उद्यान करता येईल का, हे तपासण्याची भाषा केली. मालकांनी बेत फिरवला. दोघांनी उद्यानच नव्याने उभं करायचं ठरवलं. कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड सुरू झालं होतं, तो कित्ता समोर होता. १९५७ साली शहरातून थेट रस्ता झाला आणि १९६४ साली ब्लू स्ट्रीक उभा राहिला. मी बसलो तो कोस्टर म्हणजे त्या वाचलेल्या किनाऱ्याचा पहिला मोठा पुरावा.

सगळ्याच काठांचं नशीब असं नव्हतं. क्लीव्हलँडमध्ये याच ईरी सरोवरावर युक्लिड बीच नावाचं लाडकं उद्यान होतं. पण लाडकं कुणाचं? तिथल्या नाचघरात आणि स्नानाच्या जागी कृष्णवर्णीयांना मज्जाव असे. १९४६ साली त्याविरुद्ध निदर्शनं झाली, मारहाण झाली. १९६९ साली ते उद्यान कायमचं बंद झालं, आता त्याची कमान उरली आहे. काठ सगळ्यांचा, असं म्हणणं सोपं असतं. तो सगळ्यांचा करायला भांडावं लागतं.

दुसरं उदाहरण अधिक चटका लावणारं. ओहायोतच जिऑगा लेक नावाचं तळ्याकाठचं उद्यान होतं. वर ज्या जॉन मिलरचं नाव आलं, त्याने १९२५ साली तिथे ‘बिग डिपर’ हा लाकडी कोस्टर बांधला होता. सीडर पॉइंट चालवणाऱ्या सीडर फेअर कंपनीने २००४ साली ते उद्यान विकत घेतलं. सप्टेंबर २००७ मध्ये हंगाम संपला, आणि त्यानंतर काही दिवसांनी कंपनीने जाहीर केलं की पाण्याचे खेळ तेवढे राहतील, बाकी उद्यान आता उघडणार नाही. म्हणजे शेवटच्या रविवारी जी पोरं ‘पुढच्या वर्षी येऊ’ म्हणत बाहेर पडली, त्यांना तो शेवटचा दिवस आहे हे ठाऊकच नव्हतं. बिग डिपर झाडाझुडपांत कुजत राहिला आणि २०१६ साली पाडला गेला. यंत्रावरचा भरवसा खिट्टीने राखता येतो. मालकावरचा भरवसा राखणारी खिट्टी अजून कुणी शोधलेली नाही.

सीडर पॉइंटची गाडी मात्र वर वर चढत गेली. १९७६ साली तीनदा उलटा फिरणारा ‘कॉर्कस्क्रू’ आला. १९८९ साली ‘मॅग्नम’ आला. २०५ फूट उंच, दोनशे फुटांची वेस ओलांडणारा जगातला पहिला पूर्ण फेऱ्याचा कोस्टर. २००० साली मिलेनियम फोर्सने तीनशेची वेस ओलांडली. कुतुबमिनार साधारण २४० फुटांचा, एवढं लक्षात घेतलं की अंदाज येईल. २००३ साली तर ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ने कहर केला. ४२० फूट! तिथे साखळीचा चढ नव्हता. द्रवदाबाच्या यंत्राने गाडी चार सेकंदांच्या आत ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने फेकली जाई, सरळ वर चढे आणि सरळ खाली येई. वारा उलटा असला, जोर किंचित कमी पडला, तर गाडी माथा गाठण्याआधीच मागे फिरून घसरे. त्याचीही तयारी होती. रुळांवरचे ब्रेक वर येत आणि तिला अलगद थांबवत.

पण १५ ऑगस्ट २०२१ रोजी ज्याची तयारी नव्हती ते घडलं. गाडीवरून धातूची एक पट्टी निखळली आणि खाली रांगेत उभ्या असलेल्या एका स्त्रीला लागली. ती गंभीर जखमी झाली. गाडीत बसलेल्या सगळ्यांना रूळ आणि दांडे सांभाळत होते. ती तर अजून गाडीत बसलीही नव्हती. ओहायोत अशा पाळण्यांची तपासणी राज्याचं शेती खातं करतं, कारण हे खेळ मुळात शेतकी जत्रांतून आले. त्या खात्याने चौकशी केली, कोस्टर बंद राहिला. तो नव्या यंत्रणेसह मे २०२४ मध्ये ‘टॉप थ्रिल २’ नावाने उघडला, आणि गाड्यांमधल्या दोषामुळे आठवड्याभरात पुन्हा बंद करावा लागला. त्यानंतर २०२५ साली तो परत सुरू झाला. लाखो लोक वाट बघत असताना बंद ठेवणं हा तोटा खरा, पण या धंद्यात ‘आज नाही’ म्हणता येणं हीच खरी पत.

दरम्यान विक्रमांचं जे होतं ते झालं. ड्रॅगस्टरचा उंचीचा विक्रम २००५ साली न्यू जर्सीतल्या ४५६ फुटी ‘किंगडा का’ने मोडला. तो किंगडा काही २०२५ साली सुरुंग लावून पाडण्यात आला. आपल्याकडेही हे वेड पोचलं आहे. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उद्यान उघडलं. तिथला ‘नायट्रो’ बांधणारी स्विस कंपनी आणि सीडर पॉइंटचे ‘रॅप्टर’, ‘गेटकीपर’ बांधणारी कंपनी एकच, बोलिजर आणि माबियार. तेव्हा हे सगळं फार दूरचं आहे असं समजायचं कारण नाही. मुलंबाळं घेऊन आपणही त्या रांगेत उभे राहतो. वर बघतो तसं जरा खालीही बघावं. चाकं, बोल्ट, फलाटावरची माणसं. आणि गाडी बंद आहे असं सांगणाऱ्या पोरावर खेकसू नये.

हिवाळ्यात सीडर पॉइंट बंद असतं. ईरी सरोवरावरून बोचरा वारा येतो. तेव्हा गाड्या सुट्या करून त्यांचा एकेक भाग तपासला जातो, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा उपकरणांनी शोधल्या जातात. हंगामात रोज सकाळी, दारं उघडण्याआधी, तपासनीस लाकडी रुळांच्या कडेने पायी चालत जातात. पाहतात, ठोकतात, सैल झालेलं आवळतात. मग गाडी सोडतात. माणसं बसण्याआधी दिवसाची पहिली फेरी रिकामी धावते. खट्‌-खट्‌ करत वर जाते, क्षणभर माथ्यावर थबकते आणि धडधडत खाली येते. त्या फेरीत कुणी किंचाळत नाही. दिवसभराच्या किंकाळ्या मात्र तिच्याच जिवावर असतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)